दवाखाना आणि घर यांच्यामधील दुवा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)





अशा प्रसंगी शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींची शाळेतून होणारी गळती हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र आपली परवानगी घेऊन मी आजारपणावर बोलणार आहे. विषय सोडून बोलतो आहे असे कोणास वाटेल. पण वर्गशिक्षक म्हणून हजेरीपट माझ्या हाती असतो आणि माझा विषय मला त्या हजेरीपटातच सापडला आहे. गैरहजर राहिलेल्या मुलाला कारण विचारले तर बहुतेक वेळा आजारपणच निघते. पण ते त्याचे स्वतःचे नसते. "अम्मीला दवाखान्यात नेले होते." "दादीला घेऊन सोलापूरला गेलो होतो." "अब्बांच्या पायाला जखम आहे, दुकानात मी बसलो होतो." घरातील मोठे माणूस अंथरुणाला खिळले की पहिली मोडते ती मुलाची शाळा, आणि त्यातही मुलीची. तेव्हा प्रौढांचे आरोग्य हा आपल्या शिक्षणसंस्थेचाही विषय आहे, असे मी नम्रपणे म्हणतो.

दुसऱ्याचे उदाहरण देण्यापूर्वी माणसाने स्वतःच्या घराकडे पाहावे. म्हणून प्रथम माझ्या वडिलांची हकिकत सांगतो.

माझे वडील शिंपीकाम करीत. पायाने चालणाऱ्या मशीनवर त्यांनी चाळीस वर्षे शिवण केले आणि त्याच मशीनवर आम्हां भावंडांची शिक्षणे झाली. त्यांना मधुमेह होता. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ते एका खाजगी डॉक्टरांकडे जात आणि महिन्याच्या गोळ्या आणीत. पुढे पायाच्या बोटाला जखम झाली, ती बरी होईना, म्हणून आम्ही त्यांना एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले. तेथे आठ दिवस ठेवून घेतले, बोट काढले, नवी औषधे दिली आणि एक कार्ड देऊन घरी पाठविले. घरी आल्यावर अब्बा नव्या गोळ्याही घेऊ लागले आणि जुन्याही. जुन्या डॉक्टरांनी त्या बंद करायला सांगितल्या नव्हत्या, कारण त्यांना या रुग्णालयाची काही कल्पनाच नव्हती. आणि रुग्णालयाने जुन्या गोळ्यांबद्दल विचारले तेव्हा आम्ही "साखरेची एक गोळी चालू आहे" एवढेच उत्तर दिले होते.

एके दिवशी पहाटे अब्बा घामाने डबडबलेले आणि अडखळत बोलताना आढळले. अम्मीने प्रसंगावधान राखून त्यांना साखरेचे पाणी पाजले आणि आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तेथील डॉक्टरांनी आमची प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. रेशनकार्ड, लाईटबिल, चार ठिकाणचे कागद आणि गोळ्यांची पाकिटे. त्यांतली दोन पाकिटे त्यांनी बाजूला काढली. नावे वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. पण आतले औषध एकच. साखर उतरविणारे एकच औषध अब्बा दुप्पट घेत होते.

त्या दिवशी अब्बा वाचले. पण त्याच पिशवीत रुग्णालयाचे ते कार्डही होते. सात दिवसांनी जखम दाखवायला यावे, असे त्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही ते वाचले तेव्हा सात आठवडे उलटून गेले होते. पुढे गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मशीनला विजेची मोटार बसवून दिली, पण चाळीस वर्षांची लय मोडली ती मोडलीच, आणि गिऱ्हाईकही पांगले.

बंधू-भगिनींनो, यात कोणा एका डॉक्टरांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर जे आले त्यावर उपचार केला. दोष द्यायचाच तर तो मला द्यावा लागेल. मी बी.ए., बी.एड. झालेला मुलगा, दर रविवारी घरी येत होतो, खुंटीला टांगलेली ती पिशवी पाहत होतो, आणि ती उघडून त्यातले कार्ड वाचावे असे मला एकदाही सुचले नाही. डॉक्टर होते, औषध होते, पैसाही कसाबसा उभा केला होता. नव्हता तो एका दवाखान्याला दुसऱ्याशी आणि दोघांना घराशी जोडणारा माणूस. आज मी बोलतो आहे ते या माणसाबद्दल.

आपल्या जिल्ह्यात दवाखाने नाहीत असे आता म्हणता येणार नाही. सरकारी आराखडा पाहा. साधारण हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि सर्वांत वर जिल्हा रुग्णालय. धाराशिवला २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर, तोंडाचा कर्करोग आणि स्त्रियांचे स्तनाचे व गर्भाशयमुखाचे कर्करोग यांची प्राथमिक तपासणी गावपातळीवर व्हावी, असा सरकारी कार्यक्रमच आहे.

असे असूनही २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागे पडलेल्या, म्हणजे आकांक्षित, जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली यांच्यासोबत आपल्या जिल्ह्याचे नाव त्यात आले. जिन्याच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत. पण म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला एका पायरीवरून दुसरीवर नेणारे कोणी नाही. खालच्या केंद्राने वर पाठविलेला रोगी वर पोहोचला की वाटेतून परतला, हे खालच्यांना कळत नाही. वरून बरा होऊन आलेल्याला पुढे कोणत्या गोळ्या घ्यायच्या आहेत, हे गावच्या नर्सताईंना ठाऊक नसते. त्यातून आपल्या भागातले कित्येकजण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात. गावी सुरू झालेले रक्तदाबाचे औषध फडावर बंद पडते. लहान मुलाच्या लसीची तारीख आशाताई घरी येऊन सांगतात; पण पन्नाशीच्या बापाच्या तपासणीची तारीख कोण सांगणार?

हे काम अशक्य आहे काय? मुळीच नाही. ते आपल्या आजूबाजूलाच होऊन गेले आहे. त्याची तीन उदाहरणे आपणापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण जामखेडचे. आपल्या भूम-परंड्याच्या शिवेला लागून असलेला हा तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मोठे इस्पितळ बांधून रोग्यांची वाट पाहत न बसता त्यांनी खेड्याखेड्यांतून बाया निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येकी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्यांना जामखेडला नियमित बोलावून शिकविले आणि परत आपापल्या गावी पाठविले. आपल्या गावात कोण गरोदर आहे, कोणाचा खोकला हटत नाही, कोणी औषध अर्ध्यावर सोडले, हे त्या बाईला तोंडपाठ असे. रोगी तिच्या आवाक्याबाहेरचा असेल तर ती त्याला जामखेडला पाठवी, आणि तो परत आला की पुन्हा त्याच्या दारात जाई. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसे जामखेड पाहायला येऊ लागली. त्या साऱ्या कामाचा पाया मात्र ती गावातली बाईच होती.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातील अणदूरचे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी १९९० च्या दशकात तेथे हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या रूपाने काम उभे केले. गावातील स्त्रियांना प्राथमिक उपचाराचे शिक्षण देऊन त्यांनी 'भारतवैद्य' ही कार्यकर्ती घडविली. आज 'आशा' या नावाने प्रत्येक गावात दिसणारी कार्यकर्ती सरकारने २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उभी केली. त्याच्या कितीतरी आधी आपल्या जिल्ह्यातील शेतमजूर बायका हे काम करून दाखवीत होत्या.

तिसरे उदाहरण विशेष आहे, कारण त्याचे मोजमाप झालेले आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा आपल्या मायबहिणींचा जुना वैरी. तो वेळीच सापडला तर बरा होतो. पण लाजेमुळे आणि अज्ञानामुळे उशिरा सापडतो. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली आपल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यातील खेड्यांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळत राहिली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एच.पी.व्ही. या विषाणूसाठी एकदा तपासणी झाली होती, त्यातील चौतीस हजारांवर स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटातील साडेएकतीस हजारांच्या सुमारास स्त्रियांपैकी ६४ जणी दगावल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

जे खरे आहे ते सर्व सांगावे, म्हणून हेही सांगतो की चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला, आणि तो प्रश्न रास्तच आहे. त्या ६४ जणी आपल्याच जिल्ह्यातल्या कोणाच्या तरी आई होत्या. म्हणून तर या ज्ञानाचा पहिला हक्क आपला आहे. जगभरच्या डॉक्टरांनी आपल्या खेड्यांतील बायांच्या आधारे धडा घ्यावा आणि आपल्याच घरातील बाईने तपासणीला जाऊ नये, याला काय म्हणावे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तेथे नुसते यंत्र जिंकले नाही. कोणीतरी घरोघर गेले, बायांना विश्वासात घेतले, नमुना घेतला, दोष निघाला तिला पुन्हा बोलावून आणले, बार्शीपर्यंत पोहोचविले आणि वर्षानुवर्षे तिची नोंद ठेवली. यातला एक दुवा जरी निखळला असता तरी ती तपासणी कागदावरच राहिली असती.

आता आपण काय करावे? आपली संस्था इस्पितळ काढू शकत नाही आणि तिने ते काढूही नये. परंतु दुवा होणे आपल्याला शक्य आहे. याविषयी पाच सूचना मी आपणापुढे ठेवतो.

पहिली सूचना, प्रत्येक घरात एक आरोग्यवही असावी. शंभर पानी साधी वही पुरे. पहिल्या पानावर घरातील प्रौढांची नावे, वये, चालू औषधे आणि कोणते औषध सोसत नाही ते. पुढे प्रत्येक भेटीची तारीख, डॉक्टरांनी काय सांगितले, पुन्हा केव्हा बोलावले. सगळे कागद त्याच वहीत चिकटवावेत. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि चालू गोळ्यांची सर्व पाकिटे सोबत न्यावीत. हे काम आठवी-नववीच्या मुलामुलींना सहज जमण्यासारखे आहे. औषधाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते आणि बारीक अक्षरांत खरे औषध असते. ती बारीक अक्षरे वाचायला आम्ही शाळेत शिकवू.

दुसरी सूचना, प्रत्येक मोहल्ल्यात आणि वाडी-वस्तीवर दोन स्वयंसेवक नेमावेत. एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांच्याजवळच्या यादीत फक्त नाव आणि पुढच्या भेटीची तारीख असावी. रोगाचे नाव नसावे. क्षय, कर्करोग, बायकांची दुखणी यांच्या बाबतीत लोक औषधापेक्षा बोभाट्याला अधिक भितात. घरातली गोष्ट घरातल्या वहीतच राहिली पाहिजे. हा नियम मोडला गेला तर साऱ्या कामावरचा विश्वास एका दिवसात उडेल.

तिसरी सूचना, हे स्वयंसेवक डॉक्टर नव्हेत. त्यांनी गोळी सुचवू नये, बंद करू नये, आपली बदलूनही देऊ नये. त्यांनी आशाताईंना, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून घ्यावे. मोठ्या रुग्णालयातून कोणी परत आले की तीन दिवसांच्या आत त्याचे कार्ड उपकेंद्रात दाखविले गेले की नाही, एवढे पाहावे. माझ्या घरी एवढेच झाले असते तर मी आज आपल्यापुढे दुसऱ्या विषयावर बोललो असतो.

चौथी सूचना योजनांविषयी. जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे आणि ती योजनेच्या यादीतील रुग्णालयांतच चालते. आधी दाखल व्हायचे, उसनवारी करून पैसे भरायचे आणि मग कार्ड शोधायचे, असा आपला उलटा क्रम असतो. यादीतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेले असतात, त्यांना प्रथम भेटावे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र यांवरील नावे जुळतात की नाही, हे आजार येण्यापूर्वीच पाहून ठेवावे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, आणि ऐन वेळी तेच आडवे येते. पंचाहत्तरीच्या पुढील वृद्धांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि स्त्रियांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे, हेही घरोघर सांगावे. पुष्कळ वृद्ध निव्वळ भाड्याच्या संकोचाने फेरतपासणी टाळतात.

पाचवी सूचना रमजानच्या महिन्याविषयी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात. मनाने औषध सोडणे घातक आहे आणि मनाने तीच मात्रा घेणेही घातक आहे. आजाऱ्याला धर्माने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. हा निरोप जुम्म्याच्या दिवशी मशिदीतून दिला गेला तर तो माझ्या भाषणापेक्षा लवकर पोहोचेल.

हे सर्व नुसते सांगण्यापुरते नाही. गेल्या वर्षी माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी आणि एका माजी विद्यार्थिनीने आमच्या गल्लीतील चाळीस-एक घरांत हे करून पाहिले. सुरुवातीला फजितीच झाली. वही पाहून लोकांना वाटले की कसलीशी योजना आली आहे. पैसे केव्हा जमा होणार, असे ते विचारू लागले. पैसे नाहीत म्हटल्यावर निम्म्या घरांनी वह्या मुलांच्या गृहपाठाला दिल्या. एका वयस्क खालांनी तर आमच्या मुलीला दारातूनच परत पाठविले. "मला काही झालेले नाही, आणि झाले असले तरी तुला का सांगू?" असे त्या म्हणाल्या. ती मुलगी वाद न घालता परत आली आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा गेली. चौथ्या खेपेला खालांनी तिला चहा दिला. सहाव्या खेपेला हळूच सांगितले की पाळी जाऊन दहा वर्षे झाली, तरी अंगावर रक्त जाते. ती मुलगी स्वतः त्यांच्यासोबत एस.टी.ने गेली. तपासण्या झाल्या, उपचार सुरू झाले, आणि फेरतपासणीच्या तारखा आता खालाच तिला आठवून देतात. त्यापुढचे मी सांगणार नाही, कारण ती गोष्ट त्यांच्या वहीतली आहे.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे, आपण का करावे? सरकारचे काम सरकारकडून करून घेतलेच पाहिजे. केंद्रात औषध नसेल, डॉक्टर नसतील, तर ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे, लेखी अर्ज दिला पाहिजे. पण आपल्या आईची पुढची तारीख कोणती, हे सरकारला विचारायचे नसते. ते आपल्याला ठाऊक असायला हवे.

आणखी एक विनंती. हे काम केवळ आपल्या समाजापुरते ठेवू नका. मोहल्ल्याला लागून जी वस्ती आहे, तेथील एकटी म्हातारी कोणत्या समाजाची आहे हे तिची साखर पाहत नाही. जामखेडच्या बाया गावातील प्रत्येक दारात जात होत्या, म्हणूनच ते काम टिकले.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. तुमच्या घरी खुंटीला, फडताळात किंवा गादीखाली एक पिशवी असेल. ती उघडा. त्यातील कागद तारखेप्रमाणे लावा आणि शेवटच्या कागदावर पुन्हा केव्हा बोलावले आहे ते वाचून घरच्यांना मोठ्याने सांगा. तारीख उलटून गेली असेल तरी सांगा. जे मी पदवीधर होऊन केले नाही, ते तुम्ही आठवीत असताना करा. उद्या मी हजेरी घेईन तेव्हा प्रत्येकाला हेच विचारणार आहे.